विश्लेषण : स्पेनमध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाला ‘झामोरा’ पुरस्कार का? कोण होता रिकार्डो झामोरा?

ला लिगाचा हंगाम संपत आला की दोन पुरस्कारांची चर्चा सुरू होते. सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘पिचिची’ आणि सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला ‘झामोरा’. लिओनेल मेसीने तब्बल आठ वेळा पटकावल्यामुळे पिचिची जगभर माहीत झाला. व्हिक्टर वाल्देस, टिबो कोर्तुवा, यान ओब्लाक अशा गोलरक्षकांनी मिळवलेल्या दुसऱ्या पुरस्कारामागचा माणूस मात्र स्पेनबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही.

या माणसावर बार्सिलोना आणि माद्रिद या दोन्ही शहरांनी हक्क सांगितला. प्रजासत्ताकाने त्याला गौरवले आणि प्रजासत्ताक उलथवणाऱ्या जनरल फ्रँकोच्या राजवटीनेही गौरवले. मधल्या काळात तो तुरुंगात गेला, जिवंतपणीच त्याच्या मृत्यूच्या बातम्या छापून आल्या आणि अखेर बोटीत बसून त्याला देश सोडावा लागला. हे सगळे झाले ते त्याच्या राजकारणामुळे कमी आणि प्रसिद्धीमुळे जास्त.

पुरस्कार नेमका कसा दिला जातो?

‘मार्का’ हे क्रीडा दैनिक १९५८ पासून हा पुरस्कार देते. यात परीक्षकांचे मत किंवा मतदान नसते. गोलरक्षकाने स्वीकारलेले गोल भागिले त्याने खेळलेले सामने, इतका साधा हिशेब. ज्याची सरासरी सर्वांत कमी, तो विजेता. नियमानुसार किमान २८ सामन्यांत प्रत्येकी निदान ६० मिनिटे खेळलेले असावे लागते. चांगला बचाव असलेल्या संघाच्या गोलरक्षकाला याचा फायदा होतो, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटीही नाही. पण ज्याच्या नावाने पुरस्कार आहे, त्याची कीर्ती अशा हिशेबांवर उभी नव्हती.

सुरुवात कुठे झाली?

रिकार्डो झामोराचा जन्म २१ जानेवारी १९०१ रोजी बार्सिलोनात झाला. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन मैदानावर होते. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९१६ मध्ये तो बार्सिलोनातल्याच एस्पान्योल क्लबकडून खेळू लागला. त्या वयाची मुले चेंडू आणून द्यायला गोलच्या मागे उभी असत. हा गोलमध्ये उभा होता.

तीन वर्षांत क्लबच्या एका पदाधिकाऱ्याशी खटका उडाला आणि १९१९ मध्ये तो शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबात, म्हणजे एफसी बार्सिलोनात दाखल झाला. तिथे पाउलिनो अल्कान्तारा आणि जोसेप सामितिएर हे सहकारी होते, तर प्रशिक्षक होता जॅक ग्रीनवेल हा इंग्रज. सामितिएरचे नाव लक्षात ठेवायला हवे, पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे. बार्सिलोनाने या काळात १९२० आणि १९२२ असे दोनदा स्पेनच्या राजाचा चषक जिंकला. त्यानंतर १९२२ मध्ये झामोरा परत एस्पान्योलकडे गेला. एकाच शहरातल्या दोन कट्टर क्लबांमध्ये असे येणे-जाणे करूनही दोन्हीकडच्या लोकांनी त्याला आपले मानावे, हे तेव्हाही विरळच होते.

तेव्हाची गोलरक्षणाची कला वेगळी होती का?

बरीच वेगळी होती. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येत असे. त्या वर्षी नियम बदलला आणि हाताचा वापर पेनल्टी क्षेत्रापुरता उरला. म्हणजे झामोरा आधुनिक अर्थाने गोलरक्षक असलेल्या पहिल्या पिढीतला. चेंडू जाड चामड्याचा, वरून नाडीने बांधलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा. गोलरक्षकाच्या हाती चेंडू असताना आघाडीपटूने त्याला खांद्याने धडक देऊन चेंडूसह गोलमध्ये ढकलणे नियमात बसत होते. पुढे १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि गोलांचे प्रमाण एकदम वाढले. झामोराची भरभराट झाली ती गोलरक्षकांसाठी सगळ्यात अवघड म्हणावी अशा काळात.

त्याने यावर काही स्वतःचे उपाय काढले होते. गर्दीतून आलेला उंच चेंडू पकडायला गेले तर धडक बसणार, मग तो कोपर किंवा हाताचा पुढचा भाग वापरून चेंडू दूर फटकावत असे. या युक्तीला स्पेनमध्ये ‘झामोराना’ हे नावच पडले. धिप्पाड शरीर, डोक्यावर सपाट टोपी, अंगात उंच गळ्याचा लोकरी स्वेटर हा त्याचा वेश पुढे अनेक गोलरक्षकांनी उचलला.

आँतवेर्पने काय बदलले?

स्पेनच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा पहिलाच सामना २८ ऑगस्ट १९२० रोजी झाला, तोही थेट बेल्जियममधल्या आँतवेर्प ऑलिम्पिकमध्ये. समोर डेन्मार्क. आधीच्या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलेला हा संघ स्पेनला सहज हरवेल असे मानले जात होते. स्पेनने १-० असा विजय मिळवला. गोल पात्रिसिओ अराबोलासाचा, पण डेन्मार्कचे आक्रमण थोपवून धरले ते १९ वर्षांच्या झामोराने.

यजमान बेल्जियमकडून पुढे ३-१ असा पराभव झाला. मात्र अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांवर चिडून मैदान सोडून गेला आणि बाद ठरला. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकासाठी वेगळे सामने झाले. स्पेनने स्वीडन, इटली आणि नेदरलँड्स यांना हरवून रौप्यपदक मिळवले. ज्याच्या नावाने दुसरा पुरस्कार दिला जातो, तो पिचिची म्हणजे राफाएल मोरेनो अरान्सादी हाही याच संघात होता. त्यानंतर दीड वर्षातच, वयाच्या २९ व्या वर्षी विषमज्वरासारख्या तापाने त्याचे निधन झाले.

झामोरा काही संत नव्हता. इटलीविरुद्ध प्रतिस्पर्ध्यावर हात उगारल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. बदली खेळाडूची पद्धत नसल्याने दुसऱ्याच एका खेळाडूला गोलमध्ये उभे राहावे लागले. परतीच्या प्रवासात हवाना सिगार लपवून आणताना तो पकडला गेला आणि त्याला दंड भरावा लागला, ही कथाही स्पेनमध्ये हमखास सांगितली जाते. सिगारेट आणि कोन्याकची आवड त्याने कधी लपवली नाही.

तो इतका लोकप्रिय का झाला?

एक कारण असे की या काळात स्पेनमध्ये फुटबॉल हा हौशी तरुणांचा खेळ न राहता तिकीट काढून पाहण्याचा खेळ बनत होता. १९२६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली. त्याआधी चांगल्या खेळाडूंना हौशी म्हणवून घेत पडद्यामागून पैसे दिले जात, हे सर्वांना माहीत असलेले गुपित होते. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापली जाऊ लागली होती आणि हवेत आडवा झेपावलेला गोलरक्षक छायाचित्रात जसा उठून दिसतो, तसा दुसरा कोणताच खेळाडू दिसत नाही. झामोराला लोकांनी ‘एल दिव्हिनो’, म्हणजे दैवी पुरुष, हे नाव देऊन टाकले. त्याला मुख्य भूमिकेत घेऊन एक मूकपटही निघाला; त्याच्या लग्नाभोवती रचलेली ती गोष्ट होती.

स्पॅनिश भाषेत द्वारपाल आणि गोलरक्षक या दोघांना एकच शब्द आहे, ‘पोर्तेरो’. त्यावरून लोक म्हणू लागले की जगात द्वारपाल दोनच, स्वर्गात संत पीटर आणि पृथ्वीवर झामोरा. संघाकडे एका गोलची आघाडी आणि गोलमध्ये झामोरा, म्हणजे आता काळजी नको, अशा अर्थाची एक म्हणही रूढ झाली. फुटबॉलशी संबंध नसलेल्या गप्पांतही ती वापरली जाते.

फेब्रुवारी १९२९ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर, पावसाने चिखल झालेल्या सामन्यात एस्पान्योलने रिअल माद्रिदला २-१ असे हरवून पहिल्यांदा राजाचा चषक जिंकला. पाठोपाठ त्याच वर्षी ला लिगाचा पहिला हंगाम सुरू झाला.

इंग्लंडविरुद्धच्या दोन सामन्यांची गोष्ट काय?

फुटबॉलचे जन्मदाते म्हणून इंग्रजांना इतर युरोपीय संघ खिजगणतीत धरायची सवय नव्हती. १५ मे १९२९ रोजी माद्रिदच्या कडक उन्हात इंग्लंडने दोन गोलांची आघाडी घेतली, तेव्हा तसे करण्यात काही चूक आहे असे वाटण्याचे कारणही नव्हते. सामना संपला तो स्पेनच्या ४-३ अशा विजयाने. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाने इंग्लंडला हरवण्याची ही पहिलीच वेळ. झामोरा त्या दिवशी छातीचे हाड मोडलेले असतानाही शेवटपर्यंत खेळला, असे नंतर सांगितले गेले.

इंग्लंडने याची परतफेड केली ९ डिसेंबर १९३१ रोजी, लंडनच्या हायबरी मैदानावर. ज्याची कीर्ती ऐकून लोक पाहायला आले होते, त्या झामोराच्या गोलमध्ये सात चेंडू गेले. निकाल ७-१. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याच्या चाहत्यांच्या लिखाणात हा सामना बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला असतो. मात्र जड चेंडू, ओले मैदान आणि समोर डिक्सी डीनसारखा हेडर मारणारा आघाडीपटू असताना झामोराही सामान्य ठरू शकत होता, हे मान्य करायला हरकत नाही.

माद्रिदला गेल्यावर काय घडले?

१९३० मध्ये रिअल माद्रिदने त्याला सुमारे दीड लाख पेसेटा मोजून घेतले. स्पेनमध्ये एका खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला आणि स्पेन प्रजासत्ताक झाला. क्लबच्या नावातला ‘रिअल’, म्हणजे राजेशाही, हा शब्द गळला. राहिले नुसते माद्रिद.

झामोरापुढे आता सिरियाको आणि किन्कोसेस ही बचावपटूंची जोडी होती. १९३१-३२ च्या हंगामात माद्रिदने १८ पैकी एकही सामना गमावला नाही आणि केवळ १५ गोल स्वीकारले. क्लबचे हे पहिले लीग विजेतेपद. पुढच्या वर्षी दुसरे आले.

नव्या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाचे आडनाव योगायोगाने झामोराच होते, निसेतो अल्काला-झामोरा. स्पेनचा अध्यक्ष झामोरा झाला हे कानावर आल्यावर स्टालिनला आधी गोलरक्षकच आठवला, असा एक किस्सा आहे. तो खरा असण्याची शक्यता कमी, पण लोकांना तो खरा वाटू शकला यातच सर्व आले.

१९३४ च्या विश्वचषकात काय झाले?

स्पेनचा हा पहिलाच विश्वचषक, मुसोलिनीच्या इटलीत. जेनोआत स्पेनने ब्राझीलला ३-१ असे हरवले. त्या सामन्यात झामोराने वाल्देमार दि ब्रितोची पेनल्टी अडवली. याच दि ब्रितोने पुढे दोन दशकांनी पेले नावाचा मुलगा हेरून सांतोस क्लबकडे नेला.

उपांत्यपूर्व फेरीत ३१ मे रोजी फ्लॉरेन्समध्ये समोर यजमान इटली. स्पेनने आघाडी घेतली. मध्यंतराच्या तोंडावर इटलीने बरोबरी साधली. त्या क्षणी झामोराला इटलीच्या खेळाडूने अडवले होते, असा स्पेनचा आक्षेप होता, तो पंचांनी मानला नाही. उरलेल्या वेळात आणि जादा वेळेत इटलीने गोलवर मारा केला, झामोराने तो थोपवला. धसमुसळेपणाची पंचांनी पर्वा केली नाही. सामना १-१ असा सुटला.

पेनल्टी शूटआउटची सोय तेव्हा नव्हती. दुसऱ्याच दिवशी पुनर्लढत ठेवण्यात आली. स्पेनचे सात खेळाडू दुखापती आणि थकव्यामुळे त्यात उतरू शकले नाहीत. बरगड्यांना मार लागलेला झामोरा त्यांतलाच एक. इटलीने मेआत्साच्या गोलवर १-० असा विजय मिळवला आणि पुढे विश्वचषकही जिंकला. पुनर्लढतीतले स्विस पंच रेने मेर्से यांच्यावर त्यांच्याच देशाच्या संघटनेने नंतर कारवाई केली. स्पेनमध्ये संघाचे स्वागत विजेत्यांसारखे झाले आणि प्रजासत्ताकाने झामोराला राष्ट्रीय सन्मान दिला.

धुळीतला तो चेंडू

२१ जून १९३६. व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर चषकाचा अंतिम सामना, माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. राजा नसल्याने चषक आता प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाच्या नावाचा होता. ऊन रणरणते, मैदान कोरडे आणि धुळीने भरलेले.

माद्रिदने सुरुवातीलाच दोन गोल केले. अर्धा तास होता होता बार्सिलोनाच्या जोसेप एस्कोलाने एक गोल परत केला आणि तिथून पुढे सामना माद्रिदच्या गोलपुढेच खेळला गेला. शेवटच्या मिनिटांत एस्कोलाने जवळून, खाली, खांबाच्या कोपऱ्याकडे जोरदार फटका मारला. झामोरा झेपावला आणि धुळीचा लोट उठला. काय झाले ते कोणालाच दिसेना. बार्सिलोनाचे खेळाडू बरोबरीचा आनंद साजरा करायच्या बेतात होते. धूळ खाली बसली तेव्हा झामोरा उभा होता, चेंडू हातात. तो झेपावल्याचे छायाचित्र स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे.

माद्रिदने २-१ असा चषक जिंकला. लोकांनी झामोराला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. माद्रिदकडून हा त्याचा शेवटचा सामना ठरला. चार आठवड्यांनी देशात यादवी युद्ध पेटले.

प्रजासत्ताकाने गौरवलेला खेळाडू प्रजासत्ताकाच्याच तुरुंगात कसा?

१७ जुलै १९३६ रोजी लष्कराच्या काही सेनापतींनी सरकारविरुद्ध उठाव केला. देश दोन तुकड्यांत विभागला गेला. माद्रिद प्रजासत्ताकाकडे राहिले, पण शहरातली सत्ता प्रत्यक्षात वेगवेगळ्या डाव्या पक्षांच्या आणि अराजकवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांकडे होती. कोण शत्रू आणि कोण मित्र हे त्या ठरवत. जमीनदार, पाद्री, उजव्या पक्षांचे लोक यांची धरपकड सुरू झाली. त्यातल्या अनेकांना कोणत्याही खटल्याशिवाय गोळ्या घालण्यात आल्या.

झामोरा कोणत्या पक्षाचा नव्हता. पण तो श्रद्धाळू कॅथलिक होता, पैसेवाला होता आणि माद्रिदच्या एका परंपरावादी कॅथलिक दैनिकात खेळावर लिहीत होता. त्या दिवसांत एवढे पुरेसे होते. त्याला पकडून मोदेलो तुरुंगात टाकण्यात आले.

इकडे उठाव करणाऱ्यांच्या ताब्यातल्या भागात वृत्तपत्रांनी लालभाईंनी झामोराला ठार मारल्याची बातमी छापली. त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थना झाल्या. देशाच्या लाडक्या गोलरक्षकाला मारणारे हे असे लोक, हा प्रचार फ्रँकोच्या बाजूला सोयीचा होता. परदेशी वृत्तपत्रांनीही ती उचलली. ज्याच्यासाठी प्रार्थना चालू होत्या, तो कोठडीत बसून रोज कोणाचे नाव पुकारले जाते ते ऐकत होता. नाव पुकारले गेलेल्यांना बाहेर नेले जाई आणि त्यांतले बरेचसे परत येत नसत. त्या नोव्हेंबरमध्ये मोदेलोसह माद्रिदच्या तुरुंगांतून नेलेल्या मोठ्या संख्येने कैद्यांची शहराजवळ पाराकुएयोस इथे हत्या झाली.

झामोरा वाचला कसा, याचे श्रेय पेद्रो लुईस दे गाल्व्हेस या कवीला दिले जाते. गाल्व्हेस म्हणजे दारू, उधारी आणि कविता यांवर जगणारा माद्रिदचा एक अवलिया. युद्धात तो अराजकवाद्यांच्या बाजूने होता आणि कमरेला पिस्तुले लावून फिरे. तुरुंगाच्या अंगणात सर्वांसमोर त्याने झामोराला मिठी मारली आणि हा माझा मित्र आहे, याला हात लावाल तर खबरदार, असे बजावले, अशी ती हकिगत आहे. पहारेकऱ्यांशी फुटबॉलच्या गप्पा मारत, त्यांच्याबरोबर खेळत झामोराने दिवस काढले, असेही सांगतात. त्यातले तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. एवढे खरे की तो जिवंत बाहेर पडला.

सुटल्यावर त्याने अर्जेंटिनाच्या दूतावासात आसरा घेतला. तिथून अर्जेंटिनाच्या नौदलाच्या ‘तुकुमान’ या नौकेने तो फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरला. मग नीस शहरातल्या क्लबकडून खेळू लागला. तिथे जुना मित्र सामितिएरही होता. तोही स्पेनमधून अशाच प्रकारे निसटला होता. १९३८ मध्ये नीसमध्येच झामोराची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

मग तो फ्रँकोच्या बाजूला गेला का?

डिसेंबर १९३८ मध्ये, युद्ध अजून चालू असताना, तो फ्रँकोच्या ताब्यातल्या सान सेबास्तियानला आला आणि त्या बाजूच्या सैनिकांच्या मदतनिधीसाठी एक सामना खेळला. त्यावरून त्याच्यावर शिक्का मारणारे आहेत. पण जिथे मरता मरता वाचला त्या बाजूकडे तो परत जाईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याने दोन्ही बाजूंविषयी जाहीरपणे कमीच बोलणे पसंत केले.

एप्रिल १९३९ मध्ये फ्रँकोचा विजय झाला. माद्रिदमधला अ‍ॅटलेटिको क्लब मोडकळीला आला होता. हवाई दलाच्या संघाशी त्याचे विलीनीकरण होऊन ‘अ‍ॅटलेटिको अ‍ॅव्हिएशन’ नावाचा नवा क्लब उभा राहिला आणि प्रशिक्षकपद झामोराकडे आले. अव्वल श्रेणीत जागाही या संघाला सरळ मिळाली नव्हती; ओव्हिएदोचे मैदान युद्धात उद्ध्वस्त झाल्याने एक जागा रिकामी झाली आणि त्यासाठीचा सामना जिंकून तो आत आला. झामोराच्या हाताखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे लीग जिंकली. आजच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदची ही पहिली दोन विजेतेपदे.

पहिले विजेतेपद एप्रिल १९४० च्या अखेरीस आले. त्याच एप्रिलच्या अखेरीस, त्याच माद्रिद शहरात, फ्रँकोच्या राजवटीने कवी गाल्व्हेसला गोळ्या घालून मृत्युदंड दिला. युद्धकाळात त्याने ज्यांना वाचवले त्यांची नावे बरीच होती, पण त्याचा उपयोग झाला नाही.

नंतरची वर्षे

नंतरची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. सेल्टाला त्याने १९४८ मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. मलागा आणि आपला जुना एस्पान्योल यांचेही प्रशिक्षकपद सांभाळले, तर १९५२ मध्ये राष्ट्रीय संघाचे दोन सामने त्याच्या मार्गदर्शनाखाली झाले. मुलगाही रिकार्डो झामोराच आणि तोही गोलरक्षकच, पण वडिलांची सावली फार मोठी होती. पन्नाशीच्या दशकात फ्रँकोच्या राजवटीने झामोराला मोठा नागरी सन्मान दिला. प्रजासत्ताकाचे पदक आणि फ्रँकोचे पदक अशी दोन्ही मिळवणारे फार थोडे.

स्पेनकडून १९२० ते १९३६ या काळात त्याने ४६ सामने खेळले. हा विक्रम जवळपास चार दशके टिकला आणि मोडला तोही एका गोलरक्षकानेच, अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या इरिबारने. विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत याशिन, बँक्स, झॉफ आणि मायर यांच्यानंतर पाचवे नाव झामोराचे आहे. या पाचांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा तो एकटाच.

८ सप्टेंबर १९७८ रोजी बार्सिलोनात त्याचे निधन झाले, तेव्हा फ्रँकोला जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती आणि नव्या लोकशाही राज्यघटनेवरचे सार्वमत तीन महिन्यांवर होते.

मेस्तायाच्या त्या सामन्यातल्या इतरांचे काय झाले, हेही सांगायला हवे. बार्सिलोनाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना दीड महिन्यातच, ऑगस्ट १९३६ मध्ये माद्रिदजवळच्या डोंगरात फ्रँकोच्या सैनिकांनी पकडून ठार मारले. माद्रिदचे अध्यक्ष राफाएल सांचेस गेर्रा हे प्रजासत्ताकवादी. युद्धानंतर त्यांना तुरुंगात जावे लागले. आणि ज्याचा फटका धुळीत अडला तो एस्कोला १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या परदेश दौऱ्यावरून घरी न परतता फ्रान्समधल्या सेत शहराच्या क्लबकडून खेळू लागला. भूमध्य समुद्राच्या त्याच किनाऱ्यावर, काही तासांच्या अंतरावर असलेल्या नीसमध्ये तेव्हा झामोरा खेळत होता.